एका बाजूचा डिंक

"आज किती अंडी?" बेरिलने विचारलं.

"चौदा," एनिड हॉबडे म्हणाली. "त्यातलं एक पाठमोरं. म्हणजे तेराच धर."

"पाठमोऱ्याचेही पैसे देत असती ना कंपनी, तर तू आतापर्यंत मोटार घेतली असतीस."

हा विनोद बेरिल टॉड दर सोमवारी करायची आणि एनिड दर सोमवारी हसायची. लंडनच्या छापखान्यांच्या गल्लीत चौथ्या मजल्यावर 'भिरभिरं' या मुलांच्या साप्ताहिकाची कचेरी होती. तिथल्या उत्तरेच्या खिडकीशी या दोघींची टेबलं समोरासमोर होती. बेरिल चित्रकथांच्या फुग्यांमधली अक्षरं लिहायची. एनिड चेहरे करायची. सगळ्यांचे नाही, एकाच माणसाचे.

'ताऱ्यांचा दीपस्तंभ' ही टीव्हीवरची मालिका दर शनिवारी सव्वापाचला लागे. चौदा वर्षं लागत होती. ताऱ्याताऱ्यांवरचे दिवे तेवत ठेवणारा, जुना दर्यावर्दी कोट घातलेला, हातात कंदील घेऊन फिरणारा रखवालदार हा तिचा नायक. त्याच्याच साहसांची दोन पानं 'भिरभिरं'मध्ये छापून येत. चित्रं बार्सिलोनाचा एक चित्रकार काढून पोस्टाने पाठवी, कारण तो हाताने जलद होता आणि इथल्यांपेक्षा स्वस्त होता. अवकाशयानं, राक्षस, कोटाच्या चुण्या, सगळं फक्कड. पण बिचाऱ्याने मालिका कधी पाहिली नव्हती, आणि टीव्हीवाल्यांच्या करारात तर स्पष्ट लिहिलेलं की चेहरा नटाचाच दिसला पाहिजे. म्हणून तो मानेच्या वर नुसता लंबगोल सोडून द्यायचा. तीच अंडी.

एनिड निरनिराळ्या कागदांवर अंगठ्याच्या नखाएवढे चेहरे काढायची, बारीक कात्रीने कापायची आणि अंड्यावर चिकटवायची. पान छापून परत आलं की ते सोलून खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत ठेवायची, पुढे उपयोगी पडतील म्हणून. डब्यांवर चिठ्ठ्या होत्या: डावीकडे बघणारे, उजवीकडे बघणारे, रागावलेले, घाबरलेले, हसरे. हसऱ्यांचा डबा सगळ्यांत हलका, कारण रखवालदार फार हसायचा नाही.

अकरा वर्षं ती हे करत होती, आणि त्यातली नऊ वर्षं तो चेहरा लायोनेल ट्रेगार्थ या नटाचा होता. त्याला ती एकदाही भेटलेली नव्हती. फोटोंवरूनच सगळं. पण त्याची डावी भुवई उजवीपेक्षा केसभर वर आहे, आणि खोटं बोलताना तो खालचा ओठ आत घेतो, हे तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्याच्या बायकोलाही नसेल. बायको होती की नाही, हे मात्र एनिडला ठाऊक नव्हतं.

एनिड सत्तावन्न वर्षांची होती. लेटनस्टोनला मिसेस डॅलग्लिश यांच्या घरी वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायची. खोलीत गॅसची शेगडी, हात धुवायचं भांडं आणि त्यावर मिसेस डॅलग्लिश यांचा आरसा. भिंतीला किंवा कशालाही काही चिकटवायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितलेला. शनिवारी सव्वापाचला मात्र तिला खाली बैठकीत टीव्ही बघायला बोलावणं असे. पंचवीस मिनिटं, हातात चहा, आणि मिसेस डॅलग्लिश यांची टकळी सुरू. त्यानंतर सोमवार सकाळपर्यंत एनिडशी कोणी बोलत नसे. ती एकटी होती, आणि त्या एकटेपणाला तिने कामाचं नाव दिलं होतं. रविवारी ती एखादा डबा घरी आणायची, टेबलावर चेहरे मांडायची आणि "हा जरा थकलेला झाला," असं स्वतःशी बोलायची. स्वतःशीच, असं ती म्हणे.

मग त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ट्रेगार्थला काढलं. का, ते कोणी सांगितलं नाही. टीव्हीवाल्यांनी नवा नट शेवटपर्यंत गुप्त ठेवला, आणि शेवटच्या भागात रखवालदार कॅमेऱ्याकडे पाठ करून दुसऱ्या कुणाच्या हातात कंदील देतो, एवढंच दाखवलं. चाळीस सेकंद. मिसेस डॅलग्लिश म्हणाल्या, "एवढंच? निदान तोंड तरी दाखवायचं." एनिडचा चहा तसाच राहिला.

सोमवारपासून पळापळ झाली. साप्ताहिक सहा आठवडे पुढे चालतं. सहा अंकांची पानं ट्रेगार्थच्या चेहऱ्यानिशी तयार होऊन बसली होती, आणि टीव्हीवर नवा माणूस दिसला की त्याच आठवड्यात तो कागदावरही दिसला पाहिजे. नवा नट तरुण होता, गोरापान, गुळगुळीत. एनिडला तो जमता जमेना.

"याच्या तोंडावर धरायला काही नाहीच गं," ती बेरिलला म्हणाली.

"नवा बटाटा आहे," बेरिल म्हणाली. "काढ आणि मोकळी हो."

एनिडने ब्याऐंशी बटाटे काढले. लहान चित्रांतले जुने चेहरे सोलून त्यांच्या जागी नवे बसवले. मोठ्या चित्रांत मात्र तिने ट्रेगार्थ थेट पानावरच रंगवलेला होता, तो सोलता येत नव्हता. त्याच्यावर नवा चेहरा झाकणासारखा चिकटवायचा.

आता या धंद्यातल्या डिंकाची एक गंमत आहे. तो नुसता कागदाच्या पाठीला लावून चिकटवला, तर पुन्हा अलगद निघतो. कागदाला आणि पानाला दोन्हीकडे लावला, वाळू दिला आणि मग दाबला, की जन्माची गाठ. एनिडचं सगळं आयुष्य एका बाजूच्या डिंकावर चाललं होतं, कारण तिचे चेहरे परत निघायला हवे असत. झाकणाला मात्र दोन्हीकडे डिंक हवा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तर त्या सोमवारी तिने चौदापैकी दुसऱ्या अंड्याला हात घातला तोच संपादक क्रॉशॉ दारात आले. त्यांना अल्सर होता, म्हणून ते दिवसभर दूध पीत. आज दुधाचा पेला हातात नव्हता.

"मिस हॉबडे, जरा आत येता?"

टेबलावर ताजा अंक उघडा होता. दुसऱ्या पानावरचं शेवटचं, सगळ्यांत मोठं चित्र. काळ्याकुट्ट गुहेच्या तोंडाशी रखवालदार कंदील उंच धरून उभा आहे आणि सरळ वाचणाऱ्याकडे बघतोय. बेरिलच्या अक्षरांत फुगा होता: "घाबरू नकोस. दिवा मी धरलाय." आणि कंदिलाच्या उजेडात चेहरा होता लायोनेल ट्रेगार्थचा. त्याआधीच्या अकरा चित्रांत बटाटा, आणि बाराव्यात हा.

"टीव्हीवाल्यांचा सकाळपासून तीनदा फोन आलाय," क्रॉशॉ म्हणाले. "नव्या नटाच्या माणसाचा एकदा. मालिकेचे हक्क काढून घेऊ म्हणतात. अडीच लाख प्रती गेल्या हो."

"नवा चेहरा कुठे गेला?"

"पानं ज्यातून छापखान्यात गेली त्या पाकिटाच्या तळाशी पडलेला सापडला." त्यांनी तो टेबलावर ठेवला. काड्यापेटीएवढा गोरा, गुळगुळीत चेहरा, पालथा.

एनिडने तो उचलून पाठीवर बोट फिरवलं. पाठ चिकट होती. मग तिने छापखान्यातून परत आलेलं मूळ पान खिडकीकडे तिरपं धरलं. पानावर ट्रेगार्थच्या गालावर डिंकाचा मागमूस नव्हता. तिला काही आठवत नव्हतं, पण तिच्या हाताला आठवलं असणार. त्या चेहऱ्यावर डिंकाचा ब्रश फिरवायला तो धजला नव्हता.

"मी काय म्हणतो," क्रॉशॉ आवाज उतरवून म्हणाले, "पानं छापखान्यात नेताना पिकरिंगकडून तो पडला, असं कळवतो. निष्काळजीपणा म्हणून. म्हणजे तुमच्यावर काही यायचं नाही. तुम्ही अकरा वर्षं आहात इथे."

अल्फ पिकरिंग दर बुधवारी पानं न्यायला यायचा. रोजंदारीवर होता, युनियनचं कार्ड अजून मिळायचं होतं, आणि घरी चार पोरं. ऑगस्टमध्ये तो वाफ्यातला घेवडा वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा आणि एनिडच्या टेबलावर ठेवून, "मिस हॉबडे, जून झालाय, पण आहे बापडा," म्हणायचा.

"त्याचं काय होईल?" एनिडने विचारलं.

क्रॉशॉ खिडकीबाहेर बघू लागले.

"अल्फकडून नाही पडला," एनिड म्हणाली. "मी एकाच बाजूला डिंक लावला. चूक माझी आहे."

"मिस हॉबडे, मी तुम्हाला वाचवायला बघतोय."

"ते कळतंय मला. पण तुम्ही तसंच लिहा, मिस्टर क्रॉशॉ. एका बाजूला लावला असं."

त्यांनी तसंच लिहिलं. उत्तर गुरुवारी आलं. हक्क राहतील, पण त्या बाईंनी यापुढे रखवालदाराच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. बार्सिलोनाला नव्या नटाचे फोटो गेले आणि तिकडूनच तोंडासकट माणूस येऊ लागला. म्हणजे हे आधीही करता आलं असतं. एनिडला कोड्यांच्या पानावर बसवलं. ठिपके जोडा, फरक ओळखा, उंदराला चीजपर्यंत वाट दाखवा.

अल्फला काही कळलं नाही. बुधवारी येऊन तो म्हणाला, "काय मिस हॉबडे, आज अंडी नाहीत?"

"कोंबडी मेली," बेरिल म्हणाली, आणि अल्फ हसला तेव्हा ती हसली नाही.

शनिवारी मिसेस डॅलग्लिश यांनी जिन्याखालून हाक मारली, "मिस हॉबडे! लागलं बघा! नवा माणूस काही वाईट नाही हं!" एनिडने डोकं दुखतं म्हणून सांगितलं. पुढच्या शनिवारीही दुखलं. तिसऱ्या शनिवारी हाक आली नाही. खाली धून वाजली ती जमिनीतून वर ऐकू आली, आणि एनिड पलंगाच्या कडेवर ती संपेपर्यंत बसून राहिली.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी चहाच्या वेळेला नव्या पोऱ्यासारखा बिचकत एक उंच, वाकलेला म्हातारा आत आला. साधा करडा रेनकोट, हातात दुमडलेलं 'भिरभिरं'.

"माफ करा हं. खाली म्हणाले, चित्रांचं काम वर चालतं."

एनिडने मान वर केली. डावी भुवई केसभर वर. एवढंच तिने ओळखलं, बाकी चेहरा कोणी दुसऱ्यानेच वापरलेला वाटत होता. डोळ्यांखाली पिशव्या होत्या. गळ्याची कातडी सैल झाली होती. नऊ वर्षं फोटो तेच, टीव्हीवर तोंडाला रंग, म्हणून तीही त्याला त्याच वयाचा ठेवत आली होती. मधल्या काळात हा माणूस मात्र जगत होता.

"बसा," ती म्हणाली. "बसा ना, मिस्टर ट्रेगार्थ."

तो 'फरक ओळखा'च्या पानांचा गठ्ठा बाजूला सारून स्टुलावर बसला. बेरिलने स्वतःचाच चहा त्याच्यापुढे सरकवला.

"मी साउथएंडला असतो सध्या," तो म्हणाला. "समुद्राच्या धक्क्यावरच्या नाटकात आहे. तिसऱ्या अंकात मरतो. मी उतरलोय तिथे खालच्या मजल्यावर एक पोरगी आहे, सहा वर्षांची. तिने हा अंक आणून दाखवला. म्हणाली, 'तुम्ही गेला नाहीत की!'" त्याने अंक उघडून त्या चित्रावर हात ठेवला. "टीव्हीवर शेवटी मला पाठमोरं उभं केलं, पाहिलं असेल तुम्ही. मी म्हटलं, निदान एकदा वळून बघू द्या. मुलं बघत असतात. तर म्हणाले, वेळ नाही. नऊ वर्षं... आणि वेळ नाही."

त्याने चहाचा घोट घेतला.

"मग हे पाहिलं. कंदील धरून, सरळ समोर बघून. मला वाटलं, कुणीतरी... म्हणजे मी तीन आठवडे विचार करतोय. वेडगळपणा आहे, पण शेवटी गाडी पकडली. एवढंच विचारायला आलोय. हे मुद्दाम केलंत ना तुम्ही? कोणी केलं? मला निरोप दिलात ना?"

बेरिलची लेखणी थांबली. एनिडला तिच्याकडे बघायचं धैर्य झालं नाही. खरं सांगितल्यापायी तिच्या हातचे चेहरे गेले होते, आणि खरं काय ते तिला आजही तोंडपाठ होतं. एका बाजूला डिंक लावला. समोरचा माणूस तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याचे हात कोटाच्या बटणाशी चाळा करत होते.

"हो," एनिड म्हणाली. "मुद्दाम. मीच केलं."

बोलताना आपण खालचा ओठ आत घेतला, हे तिच्या लक्षात आलं.

"आम्ही दोघींनी ठरवलंच होतं," बेरिल एकदम म्हणाली. "मी तर म्हटलं, फुग्यात आणखी चार शब्द घालू. पण हिला पसारा आवडत नाही."

"तुम्हाला त्रास झाला असेल."

"छे," एनिड म्हणाली. "कुणाच्या लक्षातही आलं नाही."

ट्रेगार्थने खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं, बराच वेळ. मग चष्मा लावून तो त्या चित्रावर वाकला आणि हसला.

"तुम्हाला एक सांगू? हा तीळ. माझा उजव्या गालावर आहे. तुम्ही नऊ वर्षं डाव्या गालावर काढलाय."

एनिडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पहिला फोटोच उलटा छापून आला होता. मुलांची पत्रं आली, पण तेव्हाचे संपादक म्हणाले, आता राहू दे, वाचकांना याचीच सवय झालीय. मी कळवायला हवं होतं हो तुम्हाला."

"अहो, नाही. मला आवडायचं. टीव्हीवरचा मी लोकांना दिसायचो. तुमचा मी मला दिसायचो. दाढी करताना आरशात दिसतो ना, अगदी तसा."

ती उठली आणि कपाटातून पाच डबे काढून तिने त्याच्यापुढे ठेवले. ते फेकून द्यायची सूचना होती, ती तिने अजून पाळली नव्हती. त्याने एकेक उघडून पाहिला. चिमटीत धरून उजेडाकडे नेई, परत ठेवी.

"मी इतका रागवायचो?"

"राक्षस फार होते," एनिड म्हणाली.

"आणि हसरे सातच?"

"तेवढेच लागले."

"घेऊन जा सगळे," ती पुढे म्हणाली. "तुमचेच आहेत."

तो नको नको म्हणाला, मग घेतले. दाराशी जाऊन परत फिरला. हसऱ्यांचा डबा उघडून त्यातला एक चेहरा त्याने बोटाच्या टोकावर घेतला आणि एनिडच्या तळहातावर ठेवला.

"सहा पुरतील मला," तो म्हणाला.

जिन्यावरून त्याची पावलं उतरताना डबे खुळखुळत होते. ते ऐकू येईनासे झाल्यावर बेरिल म्हणाली, "अल्फसाठी खोटं बोलता आलं नाही, आणि याच्यासाठी आलं. कमाल आहे बाई तुझी."

"अल्फसाठी खरं बोलावं लागलं," एनिड म्हणाली. "चहा घे. तुझा तो प्यायला."

त्या दिवशी ती साडेपाचला निघाली तेव्हा डिंकाची बाटली आणि ब्रश पिशवीत होते. कंपनीची वस्तू तिने आयुष्यात पहिल्यांदा घरी नेली. जिन्यात मिसेस डॅलग्लिश भेटल्या. "डोकं कसं आहे आता?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा "थांबलं," असं ती म्हणाली.

खोलीत येऊन तिने कोट काढला, हात धुतले. चेहरा टेबलावर पालथा ठेवून त्याच्या पाठीला डिंक लावला. मग मिसेस डॅलग्लिश यांच्या आरशाच्या खालच्या कोपऱ्यात, डाव्या बाजूला, नखाएवढ्या जागेला डिंक लावला. दोन्ही वाळेपर्यंत ती उभीच राहिली. आरशात तिचा चेहरा होता, थकलेला, चष्म्याच्या खुणा पडलेला. त्यावर कधी कोणी वेळ घालवला नव्हता, तिनेही नाही.

वाळला, तेव्हा तिने तो जागेवर ठेवला आणि अंगठ्याने दाबून धरला. सोडायला हवा होता तेव्हाही काही वेळ सोडला नाही.